घंटी थांबल्यानंतरचं मत

घंटी थांबली तेव्हा माझा पाय दारात होता.

दार म्हणजे काही घराचं दार नव्हे. दिल्लीतल्या सभागृहाचं दार. सागवानी, दोन फळ्यांचं, माणसाच्या दीडपट उंच. मतदान पुकारलं की साडेतीन मिनिटं घंटी वाजायची. जिथं जिथं म्हणून सभासद बसलेले असतील, चहा पीत असतील, गप्पा छाटत असतील, तिथनं पळत यायचे. घंटी थांबली की आम्ही दार लावायचं अन् कडी घालायची. आतला आत, बाहेरचा बाहेर, मग तो मंत्री असो नाहीतर मंत्र्याचा बाप. निकाल सांगेपर्यंत कडी काढायची नाही. अकरा वर्षं मी ते दार लावलं अन् एकदाही चुकलो नाही.

त्या दिवशी एक फळी लावली, दुसरीला हात घातला, अन् व्हरांड्याच्या टोकाला म्हातारे हरदयालबाबू दिसले. गुडघे गेलेले, काठी टेकत, धोतराचा सोगा हातात धरून येत होते.

"रुको भैया, रुको! अभी मरा नहीं हूँ!"

मी फळीला पाय लावून धरला. सात-आठ श्वास घेऊन होतील एवढा वेळ. ते माझ्या काखेखालनं आत शिरले, मग मी कडी घातली.

आता हे का केलं ते सांगायचं तर आधी कसलं मतदान होतं ते सांगितलं पाहिजे.

मी सोपान कडलग. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तरांच्या उपकारानं. आमचं गाव नगर जिल्ह्यातलं, बिड्या वळणाऱ्या बायांचं. बापये काहीबाही करायचे, पण चूल पेटायची ती बिडीवर. माझी आई ठकूबाई सहा वर्षांची असल्यापासनं वळत होती. उजव्या हाताची दोन बोटं तिची सरळ व्हायची नाहीत. झोपली तरी बोटं बिडी धरल्यासारखीच. अन् खोकला असा, की शेजारची कोंबडी उठायची.

कायद्यात अशी गंमत होती, की कारखान्यात बसून वळणारी बाई कामगार. घरी बसून वळणारी कोणीच नाही. आमच्या गल्लीतल्या सगळ्या घरीच वळायच्या. म्हणजे साठ वर्षं राबून हात वाकडे झाले तरी सरकारदरबारी तिनं आयुष्यात काही कामच केलेलं नाही. त्या दिवशी सभागृहापुढं जी दुरुस्ती होती ती एवढीच होती: घरी वळणारी बाईसुद्धा कामगार धरावी अन् हात थकल्यावर तिला पेन्शन मिळावी.

तर पायाचं कारण ते. अन् हरदयालबाबू आमच्या बाजूचे, हे मला ठाऊक होतं. ते जिथनं निवडून यायचे तिकडच्या जंगलातनंच बिडीचं पान यायचं.

आत खुर्चीवर अध्यक्ष म्हणून बसले होते तुळशीअण्णा मेहेत्रे. आमच्याच गल्लीतले. त्यांची आई अन् माझी आई एकाच ओट्यावर सुपं मांडीवर घेऊन बसायच्या. मला नोकरीला लावलं ते अण्णांनी, पण ते साधे सभासद होते तेव्हा. पुढं ते अध्यक्ष झाले. गावात पेढे वाटले. पण दोन वर्षांत बाया कुरकुरायला लागल्या. राधाबाई धात्रक म्हणून एक होती, तिची जीभ म्हणजे पानं कापायची कात्री. ती म्हणायची, "आपण ह्याला बोलायला धाडला, आन् हा तिथं जाऊन दुसऱ्याला 'बसा, बसा' म्हणतोय."

खोटं नव्हतं ते. अध्यक्ष झालेल्या माणसानं आपल्या गावचं गाऱ्हाणं मांडायचं नाही. पक्षाच्या बैठकीला जायचं नाही. मत द्यायचं नाही. फक्त दोन्हीकडची मतं सारखी पडली तरच द्यायचं, अन् तेही जुन्या रिवाजानं.

आमचा वरचा, बलवंतसिंग, तीस वर्षं त्या व्हरांड्यात काढलेला सरदार. त्यानं मला एकदा सगळं समजावलं होतं. अण्णांची निवड झाली त्या दिवशी दोन्ही बाजूंचे पुढारी त्यांना हाताला धरून खुर्चीपर्यंत घेऊन गेले. मी म्हटलं, "ह्यांना काय लग्नाला उभं करायचंय का?"

बलवंतसिंग हसला. "विलायत की रीत है, कडलग. पुराने ज़माने में वहाँ जो स्पीकर बनता था, राजा को जाकर सभा की बात उसी को सुनानी पड़ती थी. बात कड़वी निकली, तो राजा गर्दन उतार लेता था. तो कोई बैठने को राज़ी नहीं. खींच के बिठाना पड़ता था."

"आणि आता?"

"अब गर्दन नहीं जाती. बाक़ी सब जाता है."

मला ते तेव्हा काही कळलं नाही. सरदार काहीतरी मोठं बोलला एवढंच वाटलं.

तर, कडी घातली. दाराला एक काचेची पट्टी होती, तिच्यातनं मी आत बघत होतो. शुक्रवारची दुपार, निम्मी बाकं रिकामी. मतं पडली. आकडे आले. दुरुस्तीच्या बाजूनं अठ्ठ्याऐंशी, विरोधात सत्त्याऐंशी.

एका मतानं! मला आईची बोटं दिसली. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं.

अण्णा निकाल वाचायला उठणार, तेवढ्यात समोरच्या बाजूचा एक सभासद उभा राहिला. "अध्यक्षजी! हरदयालजी घंटी बंद होने के बाद आये हैं. मैंने अपनी आँखों से देखा है. उनका वोट नहीं गिना जा सकता!"

गलका झाला. अण्णांनी हात वर केला. हरदयालबाबूंना विचारलं, "आप कब आये?"

म्हातारा काठीवर रेलून उठला. "मुझे क्या मालूम, अध्यक्षजी. मैं तो कान से भी गया हूँ, घुटने से भी. दरवाज़ा खुला था, तो आ गया. बंद होता, तो बाहर बैठकर पान खाता."

सगळं सभागृह हसलं. विरोधातलेही हसले. अण्णा तेवढे हसले नाहीत. त्यांनी बलवंतसिंगला बोलावलं, कानात काही सांगितलं. तो बाजूच्या, नोकरमाणसांच्या छोट्या दारानं फिरून माझ्याकडं आला.

"कडलग, अध्यक्षजी पूछ रहे हैं. हरदयालजी घंटी रुकने से पहले अंदर आये, या बाद में?"

"मी सांगेन ते लागू होणार?"

"दरवाज़े की बात दरवाज़े वाला जाने. यही क़ायदा है."

म्हणजे माझ्या एका शब्दावर आलं. आमची सगळी गल्ली, तिच्या पुढच्या-मागच्या गल्ल्या, कुठल्या कुठल्या गावच्या बाया, ज्यांची भाषासुद्धा मला येत नाही. 'आधी' म्हणायचं, बस. कोण बघायला गेलंय? ज्यानं बघितलं म्हणतोय तो विरोधातला. त्याचं कोण ऐकणार?

मी काचेतनं अण्णांकडं बघितलं. ते कागदात बघत होते. मान वर केली नाही.

अन् माझ्या मनात काय आलं सांगू? उद्या हे फुटलं तर पेपरात येईल, अध्यक्षाच्या गाववाल्यानं गावासाठी दार उघडं ठेवलं. अण्णांनी दोन वर्षं स्वतःच्या गावचं नाव काढलं नाही, पक्षातल्या मित्राच्या घरी जेवायला गेले नाहीत, अन् मी त्यांच्या खुर्चीवर शेण फासणार? मला वाटलं, मी खरं बोलावं हेच अण्णांना हवं असणार. तो माणूसच तसला.

"नंतर," मी म्हटलं. "घंटी थांबली होती. मी पाय लावून धरलं."

बलवंतसिंगनं माझ्याकडं बघितलं. "सोच ले."

"सोच लिया."

तो गेला. अण्णांच्या कानाशी वाकला. मी काचेला नाक लावून उभा. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग उठले अन् ते मत बाद केलं. म्हणजे सत्त्याऐंशी अन् सत्त्याऐंशी.

आता अध्यक्षाचं मत. माझ्या जिवात जीव आला बरं का! मी म्हटलं, देवा, अस्सं होय! खरंही बोलायला लावलंस, अन् शेवटचं मत आमच्या अण्णांच्याच हातात दिलंस. बिडीवालीच्या पोराच्या हातात.

अण्णा बोलले ते हिंदीत बोलले, पण मी आपल्या भाषेत सांगतो. ते म्हणाले, "कायदा बदलायचा का नाही, हे सभागृहानं ठरवायचं. सभागृहाचं ठरत नसेल, तर खुर्चीवरच्या एका माणसानं आपल्या मनाचं करायचं नाही. जे आहे ते आहे तसं राहू द्यायचं, म्हणजे पुन्हा कधीतरी सभागृहालाच ठरवता येईल. जुना रिवाज असा आहे. अध्यक्षाचं मत विरोधात."

बसले. पाणी प्यायले.

मी कडी काढली. माणसं बाहेर पडायला लागली. हरदयालबाबू माझ्याजवळ थांबले, माझ्या खांद्यावर हात ठेवला, अन् काही न बोलता गेले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पाच वाजता अण्णांनी दालनात बोलावलं. बूट काढून बसले होते, पाय सुजायचे त्यांचे. दोन कप चहा आला. दार लागल्याबरोबर गावचं बोलणं सुरू.

"दार का धरलं रं सोप्या?"

"म्हातारा माणूस, अण्णा. लंगडत येत व्हता."

"खरं?"

"निम्मं."

"आन् निम्मं?"

"आई."

अण्णा म्हणाले, "मी बघितलं व्हतं. त्या खुर्चीवरनं समोरचंच दार दिसतंय."

मी उडालोच. "तुम्ही बघितलं व्हतं? मग मला कशाला इचारलं? मला कशाला फासावर चढवलं?"

"हळू बोल. खुर्चीवरचा माणूसच साक्षीदार झाला, तर निवाडा करायचा कुणी? मला जे दिसलं ते मला न्हाई दिसलं. दारावरचा सांगंल ते खरं."

"आन् मी खोटं बोललो असतो तर?"

"तर ते खरं धरलं असतं."

एक शब्द! एका शब्दानं झालं असतं! मी कप खाली ठेवला. "अण्णा, मग मला एक सांगा. तुम्ही जव्हा बलवंतसिंगला माझ्याकडं धाडला, तव्हा तुमच्या मनात काय व्हतं? मी काय बोलावं?"

अण्णा खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. एक माळी झारीनं पाणी घालत होता.

"चहा गार व्हतोय," ते म्हणाले.

सोमवारपासनं मला आतल्या दारावरनं काढून बाहेरच्या फाटकावर टाकलं. बरोबरच होतं. पाय तर मी लावलाच होता.

अधिवेशन संपलं तसा रजा टाकून मी गावी आलो. आईनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पेपरात आलं होतं सगळं, पण एवढंच, की मतं सारखी पडली अन् अध्यक्षांनी विरोधात मत दिलं. म्हाताऱ्याचं मत बाद झालं, हे कुणी धड वाचलं नव्हतं. अण्णांचं मत तेवढं सगळ्यांनी वाचलं. आठवड्यानं अण्णा आले. कारखान्याच्या आवारात बाया बिड्या द्यायला जमतात, नेमक्या त्याच वेळेला जीप येऊन उभी राहिली. बरोबर एक पोलीस अन् ड्रायव्हर, बाकी कोणी नाही.

अण्णा तंबाखूच्या पोत्यावर बसले. साठ-सत्तर बाया असतील. 'रामराम अण्णा' असं एकही म्हणाली नाही.

राधाबाई पुढं झाली. कमरेवर हात. "काय ओ अध्यक्षसाहेब? लई लांबनं आलात. बरं चाललंय ना तिकडं? खुर्ची मऊ हाय ना?"

"बरं चाललंय, राधाबाई."

"तुमची आई वळता वळता गेली. सूप मांडीवर व्हतं तिच्या. ठावं हाय ना?"

"ठावं हाय."

"मग आमच्या इरोधात मत कसं पडलं तुमचं? बोट कसं झडलं न्हाई?"

अण्णा काही बोलले नाहीत. मला माहीत होतं का ते. अध्यक्षानं खुर्चीवरनं जे ठरवलं त्याचा खुलासा बाहेर द्यायचा नाही, हाही रिवाज. गल्लीतल्या बायांना काय करायचाय रिवाज? कोणी तोंड फिरवलं, कोणी थुंकली. एक म्हातारी नुसती रडत होती. अन् हा माणूस पोत्यावर खाली मान घालून, अंगावर पडेल ते घेत बसलेला.

मला राहवलं नाही. "राधामावशे, त्यांना नको बोलू. माझ्यामुळं झालं ते."

सगळ्या वळल्या. मी सांगून टाकलं. घंटी, म्हातारा, पाय, अन् मला विचारलं ते. "मी 'आधी' म्हणालो असतो तर आपण जिंकलो व्हतो. मी खरं बोललो."

मग माझी आई उठली. हळूहळू माझ्यासमोर आली. मला वाटलं, आता मुस्काटात बसतीय.

"खरं बोललास?"

"व्हय."

"कुणी मारलं-झोडलं न्हाई, आन् खरं बोललास?"

"व्हय, आई."

ती बायांकडं वळली. "माझंच चुकलं गं बायांनो. बारका असताना म्हणायची मी, खोटं बोललास तर तोंडात तंबाखू कोंबीन. कोंबलीबी एकदा. आता भोगा!"

एकजण फिस्सकन हसली. मग दुसरी. राधाबाईलाही हसू आवरेना, पण ती कुठली हार मानतेय. "ठके, तुझं पोरगं येडं, ते दिसतंयच. पर ह्यांला कुणी शिकवलं?"

अण्णा पहिल्यांदा वर बघून म्हणाले, "माझ्या आईनं. ठकूमावशीच्या शेजारीच बसायची ती."

हसू विरलं. राधाबाई जरा वेळानं, जरा खालच्या आवाजात म्हणाली, "मग पुन्हा आणा ना ते. पुन्हा मांडा."

"मला मांडता येत न्हाई, राधाबाई. त्या खुर्चीवर हाय तवर न्हाई."

"मग उतरा की खाली."

इतकं सरळ म्हणाली ती. जशी काय खुर्ची म्हणजे बैलगाडी, उतरायचं म्हटलं की उतरलं. चार बाया 'गप गं' म्हणाल्या. अण्णांनी राधाबाईला हात जोडले अन् उठले.

मी जीपपर्यंत गेलो त्यांच्याबरोबर. पोलीस पुढं होता. अण्णा थांबले.

"सोप्या, त्या दिवशी तू एक इचारलं व्हतंस."

"जाऊ द्या, अण्णा."

"मला वाटत व्हतं तू खोटं बोलावं." ते माझ्याकडं न बघता बोलत होते. "कागदात डोळं घालून बसलो व्हतो, पर एक अक्षर दिसत नव्हतं. नुसतं म्हणत व्हतो, सोप्या, खोटं बोल. एकडाव बोल. मी मान्य करतो, तू बोल."

ज्याच्यासाठी मी खरं बोललो, तोच तिकडं मी खोटं बोलावं म्हणून देव पाण्यात घालून बसला होता! अन् आमच्या दोघांच्या मध्ये साठ-सत्तर बाया उपाशी.

"मग काय झालं, अण्णा? वाटलं फक्त. तुम्ही केलं तर न्हाई ना काही."

"करायला ते मला कुठं करायचं व्हतं? तुझ्याकडनं करून घ्यायचं व्हतं." जीपचा दांडा धरून ते वर चढले. "ज्याला तसं वाटलं, त्यानं तिथं बसू नये. राधाबाई म्हणती तेच बरोबर. तिचं कारण निराळं, माझं निराळं. पर उतरायचं एकच."

महिन्याभरानं त्यांनी राजीनामा दिला. प्रकृतीचं कारण लिहिलं. पेपरवाल्यांनी काय काय तर्क लावले. कोणी म्हणालं भांडण झालं, कोणी म्हणालं मोठं पद मिळणार आहे. मोठं कसलं, मागच्या बाकावर खांबाआडची जागा मिळाली. पक्षवाले म्हणायचे, दोन वर्षं आम्हाला ओळख दिली नाही, आता कशाला आलात. पुढच्या निवडणुकीला तिकीटही दिलं नाही त्यांना.

पण त्या थंडीत ती दुरुस्ती पुन्हा आली. अण्णांनीच मांडली. मी फाटकावर होतो, आतलं काही ऐकू येत नव्हतं. संध्याकाळी बलवंतसिंग मफलर गुंडाळत आला.

"तेरे अण्णा बहुत अच्छा बोले, कडलग. कोई औरत थी, सूप गोद में लेकर मर गयी थी, उसकी बात कर रहे थे. बीच में नये अध्यक्षजी ने टोक दिया, समय समाप्त."

"मग?"

"मग क्या! बात अधूरी छोड़ी और बैठ गये. दूसरे लोग तो लड़ते हैं, और दो मिनट माँगते हैं. वो फ़ौरन बैठ गये."

"आणि मत?"

"बता रहा हूँ ना! ग्यारह वोट से पास. और सुन, इस बार हरदयालजी घंटी बजने से पहले ही आकर बैठे थे."

मी फाटकावर उभा होतो म्हणून, नाहीतर नाचलो असतो. थोड्या वेळानं अण्णा चालत आले. त्यांना आता सरकारी मोटार नव्हती. खांद्यावर शाल, हातात कागदाची पिशवी.

"सोप्या, आईला तार कर."

"तुम्हीच करा की, अण्णा. तुमच्या नावानं गेली तर गल्ली नाचंल."

"नको रं. माझ्या नावानं गेली तर राधाबाई म्हणंल, एवढा उशीर का केला." हसले. पुढं काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात आतनं पुकारा झाला. नवे अध्यक्ष निघाले होते. काळी मोटार वळण घेऊन फाटकाकडं आली.

अण्णा बोलता बोलता थांबले. रस्त्याच्या कडेला झाले, शाल सारखी केली, अन् ताठ उभे राहिले. मोटारीतल्या माणसाचं लक्ष नव्हतं, तो कागद वाचत होता. मोटार फाटकाबाहेर जाऊन दिसेनाशी झाली, तरी अण्णा तसेच उभे.

मग माझ्याकडं वळून म्हणाले, "हां. काय म्हणत व्हतो मी? तार."